पेन आणि पेन

हुबळी स्टेशनवरची इंग्रजी पाटी वाचणारा परका माणूस 'यू' अक्षरापाशी फसतो. 'पुट'मधला उ घ्यावा की 'कप'मधला अ? 'कप' धरला तर गावाची 'हबळी' होते. १ नोव्हेंबर २०१४ला गावाचं इंग्रजी स्पेलिंग कन्नड उच्चाराला धरून हुब्बळ्ळी असं झालं, जुन्या 'हुब्ली'त गिळलेला अ परत आला. 'यू' मात्र होता तिथंच राहिला.

त्या माणसाला हसू नये. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारात स्वर सुमारे वीस. साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकात तिचे दीर्घ स्वर तोंडातल्या जागा सोडून सरकले. स्पेलिंग मात्र छापखान्यांनी बरंचसं जुन्या जागीच थिजवलं.

आता जुन्या हुबळीतलं मराठी घर घ्या. आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. लिहायचं 'पेन' आणि दुखणारं 'पेन' आपण एकसारखंच लिहितो, बहुतेकदा बोलतोही एकसारखंच, कारण मराठीत ए एकच. कन्नडमध्ये ए दोन, ओ दोन. ऱ्हस्व ओ ठेवून 'कोडु' म्हटलं तर 'दे', लांबवून म्हटलं तर 'शिंग'. बाजारात रोज हा फरक ऐकणाऱ्या पोराला दोन पेनं वेगळी काढायला कितीसा वेळ लागणार? देवनागरीतही ऱ्हस्व ए-साठी 'ऎ' हे चिन्ह आहे, पण मराठी बाराखडीत त्याला कोणी घेतलं नाही.

'बॅट'पाशी पारडं उलटतं. रूढ कन्नड वर्णमालेत ॲ नाही, ऑ नाही, म्हणून पाट्यांवर बँकेची 'ब्यांक' आणि डॉक्टरचा 'डाक्टर' होतो. मराठीनं चंद्र काढून हा प्रश्न सोडवला. २००९ च्या शासकीय वर्णमालेत ॲ आणि ऑ स्वरांच्या पंगतीत रीतसर बसले.

आरसा समोर धरून ई, ए, ॲ, आ असं सावकाश म्हणा. जबडा पायरीपायरीनं खाली येतो. ए आणि ॲ यांच्या मधल्या पायरीवर, तिथं न रेंगाळता म्हटलेला स्वर म्हणजे 'पैज' या अर्थाच्या 'बेट'चा.

'शिप' आणि 'शीप' यांत मात्र नुसत्या ऱ्हस्व-दीर्घावर विसंबू नका. जहाजाच्या इ-ला जीभ जरा खाली, सैल असते. मेंढीच्या ई-ला वर, ताणलेली. ओठही फाकतात. शाळेत 'आखूड म्हण, लांब म्हण' एवढंच सांगतात आणि पोरं मेंढीलाच घाईघाईनं उरकतात.

लंडनकरासारखं बोलायची हौस कुणाला असेल तर असो. ऐकणाऱ्याला जहाज आणि मेंढी, बॅट आणि पैज वेगळी कळली की माझ्या लेखी काम झालं. त्यासाठी जुन्या हुबळीतल्या पोरानं उच्चाराच्या वहीत 'बॅट' मराठीत लिहावं आणि 'बेट' कन्नडमध्ये.