दुखापतीचा निवाडा कोणी करावा?

रग्बीचा सामना आपल्यापैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिला नसेल. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा गडी, लंबगोल चेंडू, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगाशी भिडून खाली पाडण्याची नियमानेच दिलेली मुभा, असे या खेळाचे स्वरूप आहे. आपल्या कबड्डीतील पकडीची येथे आठवण होते. परंतु येथे दोन्ही गडी भरधाव वेगाने एकमेकांवर येतात. अशा खेळात हातपाय मोडणे नवलाचे नाही. मोडलेला हात सुजतो, ठणकतो, सर्वांना दिसतो. मेंदूला बसलेला हादरा मात्र कोणालाच दिसत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे.

मेंदू कवटीच्या आत एका पातळ द्रवात असतो. डोक्यावर आघात झाला, किंवा अंगावरच्या धडकेने मान जोराने हिसकली, की मेंदू आतल्या आत हेलकावतो आणि त्याच्या पेशींचे कार्य काही काळ विस्कळीत होते. अशा वेळी शुद्ध हरपतेच असे नाही. बहुधा ती हरपत नाही. गडी उठतो आणि 'मला काही झालेले नाही' असे सांगतो. तो खोटे बोलतो असे नव्हे. ज्या मेंदूने स्वतःची परीक्षा करावयाची, तोच जायबंदी झालेला असतो! स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायदानाचे जुने तत्त्व येथे अक्षरशः लागू पडते.

ते न पाळल्याची किंमत केवढी असते? 2011 च्या जानेवारीत उत्तर आयर्लंडमधील एका शालेय सामन्यात चौदा वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार लागूनही खेळत राहिला. सामना संपता संपता तो कोसळला आणि दोन दिवसांनी मरण पावला. पहिला हादरा ओसरण्यापूर्वीच दुसरा बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडते, परंतु घडले की बहुधा उपाय उरत नाही.

मोठ्या सामन्यांसाठी 2012 साली मैदानाबाहेर पाच मिनिटांची तपासणी प्रयोगादाखल सुरू झाली. पण 2013 साली सिडनी येथे ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज स्मिथ डोक्यावर डोके आदळून पडला, लटपटत बाहेर गेला, आणि त्या तपासणीनंतर पुन्हा खेळावयास आला. त्यावर मोठी टीका झाली. पुढे तपासणीचा अवधी दहा मिनिटांचा करण्यात आला.

हानी नेहमीच तत्काळ प्रकट होते असेही नाही. 2003 साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील स्टीव्ह थॉम्पसन याला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, 2020 साली, स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्याचे त्याने जाहीर केले. तो विजय आपणास आठवत नाही, असे त्याने सांगितले. वर्षानुवर्षे साचत गेलेल्या धक्क्यांकडे जगाचे लक्ष तेव्हापासून अधिक वळले.

नियम कडक केल्याने खेळाची रग जाते, असा आक्षेप घेतला जातो. न्यूझीलंडचा अनुभव वेगळा आहे. तेथे 2001 पासून प्रशिक्षकांना व पंचांना सुरक्षिततेचे सक्तीचे शिक्षण देण्यात आले. दोन्ही संघांचे आघाडीचे गडी खांद्याला खांदा भिडवून जी रेटारेटी करतात, तीत पूर्वीच्या प्रमाणाप्रमाणे पाच वर्षांत पाठीच्या कण्याच्या सुमारे 9 गंभीर दुखापती अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात एकच झाली. खेळ तर चालूच राहिला.

गावच्या किंवा शाळेच्या मैदानावर वैद्य हजर नसतो. तेथे नियम सोपा आहे. गडी अडखळू लागला, नजर शून्य झाली, गुण किती झाले हे त्याला सांगता येईना, तर त्याला तत्काळ बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरू देऊ नये. त्याला एकटे न सोडता वैद्याकडे न्यावे. अशा हौशी खेळाडूंनी 21 दिवसांच्या आत सामन्यात परतू नये, अशी सूचना रग्बीच्या जागतिक संघटनेने 2023 साली केली आहे. हा निवाडा पंचाने, शिक्षकाने, प्रसंगी सोबत्याने करावयाचा आहे. खेळाडूचे काम जिद्दीने खेळण्याचे. त्याला थांबविण्याचे काम इतरांचे आहे.