कार्टूनच्या सिनेमातून काय शिकावे?



घरी कार्टून लावले की आई ओरडते, "बंद कर आधी ते! त्यातून काय मिळतं गं तुला?" म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

कार्टूनचा सिनेमा म्हणजे हलणारी चित्रे. खरे तर चित्र हलत नाही. थोडी थोडी वेगळी चित्रे काढतात आणि ती भराभर दाखवतात. एका सेकंदात 24 चित्रे डोळ्यांपुढून जातात. म्हणून पक्षी उडाल्यासारखा दिसतो.

आमच्या बाईंनी वर्गातल्या टीव्हीवर 'एक अनेक और एकता' हा सिनेमा दाखवला. तो हिंदी आहे, पण समजतो. तो फिल्म्स डिव्हिजनचा असून 1974 साली निघाला. तो विजया मुळे यांनी केला. भीमसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यातली चित्रे हलती केली. आमचे बाबा लहान असताना तो दूरदर्शनवर लागायचा. बाबांना त्यातले गाणे अजून येते. तो सुमारे 7 मिनिटांचा आहे. मी पाटीवर गुणाकार केला. 420 सेकंद गुणिले 24 म्हणजे 10,080. एवढ्या वेळा चित्र पुढे सरकते!

त्यात एक ताई लहान मुलांना गोष्ट सांगते. पक्षी दाणे टिपायला उतरतात आणि पारध्याच्या जाळ्यात सापडतात. एकेकटा फडफडून काही होत नाही. मग सगळे एकदम जोर लावतात आणि जाळ्यासकट उडतात. ते उंदरांकडे जातात. उंदीर जाळे कुरतडतात आणि पक्षी सुटतात. शेवटी ती मुलेही मिळून आंबे काढतात. ही गोष्ट मूळची पंचतंत्रातली आहे. तिथे कबुतरे आहेत आणि उंदराचे नाव हिरण्यक आहे.

सगळे म्हणाले, यातून एकी शिकावी. ते बरोबरच आहे. पण मला उंदीर जास्त आवडले. एवढे पक्षी उडाले तरी जाळे तुटले का? नाही. ते उंदरांच्या बारीक दातांनीच तुटले.

आता आमची गोष्ट सांगते. शाळेत आम्ही 12 रोपे लावली होती. पाणी कोणी घालायचे यावरून आम्ही रोज भांडायचो. "आज तुमची पाळी", "नाही, तुमचीच!" त्यात 2 रोपे वाळून गेली. मला फार वाईट वाटले, कारण त्यातले एक मीच लावले होते. पहिलीची मुले मदतीला यायची, पण आम्ही त्यांना हाकलायचो. माझ्या धाकट्या भावाला तर मी लुडबुड्या म्हणायचे.

सिनेमा बघितल्यावर आम्ही हापशापासून रांग केली आणि हातोहात बादल्या दिल्या. पण बादली ओतली की माती वाहून जायची आणि मुळे उघडी पडायची. मग पहिलीच्या मुलांना बोलावले. ती तांब्याने हळूहळू पाणी घालू लागली. आता माझा भाऊ रोज आधीच तांब्या घेऊन उभा असतो.

यावरून मी दोन गोष्टी शिकले. एक, मिळून काम करावे. दुसरी, लहान म्हणून कुणाला हाकलू नये. पण नुसता सिनेमा बघून रोपे जगत नाहीत. बघून झाले की उठावे लागते. आईचे तेवढे खरे आहे.

पालकांनी जाताना आमची 10 रोपे जरूर बघावीत. ती हापशाच्या मागे आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 4 थी