बॉस माझ्या‘वर’ चिडलाय!

प्रेझेंटेशन झकास, ई-मेल टकाटक... पण ‘अँग्री’च्या पुढे ऑन, विथ की ॲट, इथं गाडी अडते? डोण्ट वरी! तुमचं इंग्रजी कच्चं नाही, तुमचं मराठी पक्कं आहे!

पुण्यातली पहिली नोकरी, तिसरा आठवडा. रिपोर्टला उशीर झालेला आणि क्लायंट भडकलेला. मी तत्परतेनं टीमला मेल टाकला, ‘द क्लायंट इज अँग्री ऑन अस.’ पाच मिनिटांत एका सीनियरचा ‘रिप्लाय ऑल’ आला, ‘ऑन अस? मग उतरवा की त्याला खाली!’ अख्खा फ्लोअर हसला. मीही हसलो.

आणि मग सहा महिने मीटिंगमध्ये तोंडच उघडलं नाही. काही सुचलं की शेजारच्याच्या कानात सांगायचो, तो ते सगळ्यांसमोर बोलायचा. अप्रेझलच्या वेळी ‘उत्तम कल्पना मांडतो’ हा शेरा अर्थातच त्याला मिळाला. एका ‘ऑन’ची एवढी किंमत!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छाती काढून म्हणणारे आम्ही परभणीकर. पण आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची गाडी पुढे निघून गेली होती. बरं, पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आजची मुलंही या ‘ऑन’पाशी ठेचकाळतात. म्हणजे भानगड शाळेची नाही. मग कशाची?

एक ‘वर’, दारं अनेक

भानगड आहे आपल्या लाडक्या ‘वर’ची. मराठीत हे शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येऊन चिकटतं आणि सगळीकडे चालतं. टेबलावर, फोनवर, स्टेशनवर, माझ्यावर. इंग्रजीत मात्र हा जोडशब्द नामाच्या आधी येतो. आणि तो कोणता यायचा, हे बरेचदा त्याच्याही आधीचा शब्द ठरवतो. बघा ना...

तुझ्यावर अवलंबून आहे – डिपेंड ऑन. इथं ‘वर’ म्हणजे ऑन. जमलं!
तुझ्यावर हसले – लाफ ॲट.
देवावर विश्वास आहे – बिलीव्ह इन.
तुझ्यावर प्रेम करतो – लव्ह यू. मध्ये काहीच नाही! (‘आय लव्ह ऑन यू’ कुणी म्हणत नाही, कारण हे वाक्य आपण व्याकरणातून नाही, सिनेमातून शिकलो.)

आता आपला ‘अँग्री’. माणसावर राग असेल तर ‘विथ’ किंवा ‘ॲट’. अमेरिकन मंडळींना ‘ॲट’ जास्त जवळचा. आणि राग कशावरून आलाय ते सांगायचं असेल तर ‘अबाऊट’. खरं तर मराठीतही हा फरक आहेच की! माणसा‘वर’ चिडतो, गोष्टी‘वरून’ चिडतो. ‘वर’ म्हणजे विथ, ‘वरून’ म्हणजे अबाऊट. म्हणजे माझा मेल असा हवा होता, ‘द क्लायंट इज अँग्री विथ अस अबाऊट द डिले.’ बस्स, एवढंच!

‘ला’चीही तीच गंमत. परभणीला राहतो म्हटलं की ‘इन’, परभणीला चाललो म्हटलं की ‘टू’, आणि परभणीला पोचलो म्हटलं की नुसतं ‘रीच्ड परभणी’, मध्ये काही नाही!

साहेबही गडबडतो

हसणाऱ्यांना एक प्रश्न विचारायचा. दरवाजा ‘तो’, भिंत ‘ती’ आणि छप्पर ‘ते’ का? आपल्याला कुणी शिकवलं नाही, पाठ करावं लागलं नाही. पण मराठी शिकणाऱ्या साहेबाला ते प्रत्येक शब्दामागे पाठ करावं लागायचं. म्हणून तर मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशात नामापुढे त्याचं लिंग दिलेलं असतं. तो ‘ती दरवाजा’ म्हणाला म्हणून कुणी त्याला मठ्ठ समजलं नसेल!

आणि साहेबांचं आपापसात तरी कुठं एकमत आहे? ‘डिफरंट’च्या पुढे ‘फ्रॉम’ सगळीकडे चालतं. पण ब्रिटिश बोलण्यात ‘डिफरंट टू’ सर्रास येतं आणि अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’. ‘फ्रॉमशिवाय बाकी सगळं चूक’ हा समज म्हणजे अंधश्रद्धा आहे, असं फाउलर या नामवंत इंग्रज कोशकारानं १९२६ सालीच लिहून ठेवलंय.

मग फंडा काय?

सुटा शब्द पाठ करू नका, जोडी पाठ करा! आपण ‘खुर्ची’ शिकलो ती ‘ती खुर्ची’ अशीच. तसंच ‘गुड ॲट’, ‘मॅरीड टू’, ‘इंटरेस्टेड इन’ हे एकेकच शब्द समजा. हॉर्नबी नावाच्या गुरुजींनी जपानमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता परक्या विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. ऑक्सफर्डनं १९४८ साली काढलेला तो कोश आज ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून ओळखला जातो. त्यात ‘अँग्री’ उघडा, पुढे कोण बसतं ते दिलेलंच आहे.

घाईच्या वेळी या जोड्या हाताशी ठेवा:

• तिच्याशी लग्न – मॅरीड टू हर. (‘मॅरीड विथ टू किड्स’ बरोबर आहे, पण त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत!)
• गणितात हुशार – गुड ॲट मॅथ्स.
• बजेटवर चर्चा – डिस्कस द बजेट. ‘अबाऊट’ला सुट्टी.
• त्याला विचारलं – आस्क्ड हिम. ‘टू’ नको.
• चहापेक्षा कॉफी बरी – प्रेफर कॉफी टू टी. इथं ‘दॅन’ नको.

मेलमध्ये चुकलं तर हल्ली कॉम्प्युटरच खाली रेघ ओढतो. कॉलवर रेघ येत नाही. तिथं अडलात तर अडखळू नका, वाक्य पुरं करा. ‘अँग्री ऑन अस’ म्हटलं तरी क्लायंट चिडलाय हे सगळ्यांना कळतं. गप्प बसलात तर मात्र काहीच कळत नाही. माझं नुकसान ‘ऑन’नं नाही, त्यानंतरच्या सहा महिन्यांनी केलं.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधली नवी मुलगी भर मीटिंगमध्ये म्हणाली, ‘दे आर अँग्री ऑन अस.’ कुणीतरी हसायच्या बेतात होतं. मी म्हटलं, ‘हं, पुढे बोल.’ तिनं मुद्दा मांडला आणि तो एकदम करेक्ट होता. ‘विथ’चं मी तिला नंतर सांगितलं, चहाच्या टपरीवर, एकटीला.

त्या रात्री परभणीहून आईचा फोन आला. ‘काय रे, माह्यावर चिडलास का? चार दिवस झाले, फोन नाही का काही नाही!’

इथं मात्र ‘वर’च बरोबर.