एका कोनाचा स्पीकर, सबवूफर आणि तारेचा हिशेब

एका कोनाच्या स्पीकरमध्ये चार-पाच इंची कागदी कोन सारे सूर एकटाच काढतो. मध्ये क्रॉसओव्हर नसल्याने गाणाऱ्याचा गळा साफ ऐकू येतो. पेट्या बनविणाऱ्या आपल्या सुतार कारागिरांना हे काम जमण्यासारखे आहे. उणीव खालच्या सुरांची. असे बहुतेक लहान कोन 80 ते 100 हर्ट्झच्या खाली थकतात, डग्ग्याची घुमक पोकळ वाटते. म्हणून गिऱ्हाईक सबवूफर मागते.

सबवूफरला हाय-लेव्हल इनपुट असेल तर ऍम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरूनच तार द्यावी. स्पीकरची जोडणी बदलावी लागत नाही. नॉब 80 हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. आवाज इतकाच ठेवावा की सबवूफर वेगळा ऐकू येऊ नये, बंद केला तर मात्र चुकल्यासारखे वाटावे. फेजचे बटण ज्या बाजूला सूर भरदार येईल त्या बाजूला ठेवावे.

पैसा नाहक जातो तो तारेत. स्पीकर 5 मीटरवर असेल तर 1.5 चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे 0.12 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो दीड टक्का! त्यासाठी हजारो रुपयांची नक्षीदार तार कशाला? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साधी तार मीटरवर मिळते. मात्र तांब्याचा मुलामा दिलेली ऍल्युमिनियमची तारही बाजारात आहे, आणि तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. आपण धागा जाळून सूत की पॉलिस्टर ते ओळखतो, तशी येथे एक बारीक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली, तर तांब्याचा भाव देऊ नये.