साँगच्या नावावरची दोन कार्डं

वर्ल्डकपच्या दोन वेगवेगळ्या स्पर्धांत रेड कार्ड मिळालेले खेळाडू २०२२ पर्यंत दोनच झाले: फ्रान्सचा झिनेदिन झिदान आणि कॅमेरूनचा बचावपटू रिगोबर्ट साँग. झिदानने २००६ मध्ये मारलेल्या धडकेची दंतकथा झाली, पुतळाही उभा राहिला. साँगचं नाव प्रश्नमंजूषेपुरतं उरलं. आघाडीवीराचा हिशेब त्याने केलेल्या गोलांचा. बचावपटूचा, त्याच्या हातून निसटलेल्या गोलांचा. जे गोल झालेच नाहीत ते कोण मोजणार? म्हणून बचावपटू जोखताना संघाने त्याच्यावर किती वर्षं भिस्त ठेवली, ते पाहावं. १३७ आंतरराष्ट्रीय सामने, चार वर्ल्डकप, १९९६ ते २०१० मधल्या आफ्रिका चषकाच्या आठही स्पर्धा, त्यांतले सलग ३५ सामने, पाच स्पर्धांत कर्णधारपद! २००० चा अंतिम सामना लागोसमध्ये, यजमान नायजेरियाविरुद्ध २-२ असा अडला, तेव्हा निर्णायक पेनल्टी साँगनेच मारली. दोन वर्षांनी चषक पुन्हा कॅमेरूननेच जिंकला.

मोक्याच्या वेळी तो चुकायचा, हा आक्षेप खोटा नाही. २००८ च्या अंतिम सामन्यात, अक्रामध्ये, ७७ व्या मिनिटाला तो चेंडू वेळेत टोलवून मोकळा झाला नाही. इजिप्तच्या मोहम्मद झिदानने अंगाला भिडून, पडता पडता चेंडू काढला, सहकारी अबू त्रिकाकडे ढकलला, त्याने गोल केला आणि चषक गेला. पण त्या दिवशी बाकीचे नव्वद मिनिटांत एकही गोल करू शकले नाहीत, हे कुणी बोलत नाही. १९९४ मध्ये ब्राझीलविरुद्ध पहिलं रेड कार्ड मिळालं तेव्हा त्याला अठरावं पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता. १९९८ मधल्या दुसऱ्या कार्डाला मात्र वयाची सबब चालणार नाही. क्लबच्या पातळीवरही मेत्झ आणि तुर्कस्तानातली वर्षं सोडली तर त्याचा जम कमीच बसला; लिव्हरपूलमध्ये तर तो फार टिकलाच नाही. तरीही दशकभराहून अधिक काळ कॅमेरूनचे प्रशिक्षक बदलत गेले, आणि जवळपास प्रत्येकाने संघ लिहिताना त्याचं नाव घातलं.

२०२२ च्या वर्ल्डकपमध्ये साँग प्रशिक्षक असताना कॅमेरूनने ब्राझीलला १-० हरवलं. गोल केल्यावर व्हिन्सेंट अबूबकरने जर्सी काढली. ते दुसरं यलो कार्ड होतं. पंचांनी आधी हसून हात मिळवला, मग रेड कार्ड दाखवलं. त्या कार्डाचं जगभर कौतुकच झालं. अबूबकर आघाडीवीर आहे.