मोठ्या कंपन्यांनी खुल्या जाळ्यात यावे काय?

गोंदिया जंक्शनवर ज्यांनी माल उतरवला-चढवला आहे, त्या जुन्या व्यापाऱ्यांना छोटी लाइन चांगली आठवत असेल. नागपूरहून येणारी मोठी लाइन १६७६ मिलिमीटर रुंदीची, तर बालाघाट-नैनपूरकडे जाणारी छोटी लाइन अवघ्या ७६२ मिलिमीटरची. दोन्ही एकाच स्टेशनात येत, पण एकीचा डबा दुसरीवर चालत नसे. नागपूरच्या गांधीबागेतून निघालेली कापडाची गाठ रेल्वेने बालाघाटला पाठवायची, तर ती गोंदियात उतरवायची, हमालांकडून पलीकडे न्यायची आणि पुन्हा चढवायची. वेळ जाई, हमाली लागे आणि मधेच एखादी गाठ फाटली तर जबाबदार कोण, यावर वाद होई. इंग्रजांच्या काळात टाकलेली ही छोटी लाइन या शतकात टप्प्याटप्प्याने मोठी झाली आणि आता तोच डबा थेट जबलपूरपर्यंत जातो.

आज आपला निम्मा धंदा मोबाइलवर आला आहे आणि तेथे पुन्हा तीच छोट्या-मोठ्या लाइनची अडचण उभी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप टेलिग्रामवर जात नाही. इन्स्टाग्रामवर दुकान मांडले, तर एक्सवरील गिऱ्हाइकाला ते तेथे बसून पाहता येत नाही. प्रत्येक कंपनीने आपले रूळ वेगळ्या मापाचे टाकले आहेत. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप या तिन्हींची मालकी तर मेटा या एकाच कंपनीकडे आहे.

यात आपल्यासारख्यांचे नुकसान कसे होते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी पुतण्याने आमच्या दुकानाचे पान एका मोठ्या कंपनीच्या माध्यमावर तयार केले. साड्यांचे, ड्रेस मटेरियलचे फोटो टाकू लागला. आमगाव, देवरी, सालेकसा येथून विचारणा येऊ लागली, मग बालाघाट आणि डोंगरगडहूनही. हजारावर लोक जोडले गेले. आपल्या भागात धान विकून हातात पैसा आला की लग्नाचा बस्ता काढला जातो. नेमक्या त्याच वेळी एके सकाळी पान बंद झालेले दिसले. नियमभंग झाला, एवढेच कळवले गेले. कोणता नियम, कोणता फोटो, काही नाही. तक्रार कोणाकडे करायची, तर समोर माणूस नाही. पान परत मिळाले ते लग्नसराई उलटल्यावर. माल दुकानात होता, गिऱ्हाईकही होते, पण गिऱ्हाइकांची यादी आमच्याजवळ नव्हती. ती कंपनीजवळ होती.

खुले जाळे म्हणजे काय?

या अडचणीवर उपाय म्हणून काही जाणकारांनी वेगळी व्यवस्था उभी केली. तिला विकेंद्रित जाळे म्हणतात. यात एक मालक नसतो. अनेक लहान-मोठे सर्व्हर असतात. कोणी एखादी संस्था चालवते, कोणी चार मित्र मिळून चालवतात. पण सर्वांनी बोलण्याचा एकच नियम मान्य केलेला असतो, म्हणून एका सर्व्हरवरील माणूस दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाशी बोलू शकतो. ईमेल तसाच चालतो. तुमचा पत्ता एका कंपनीचा असो आणि माझा दुसरीचा, पत्र पोहोचतेच.

मस्टडॉन हे अशा जाळ्यातील सर्वांत परिचित नाव. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी ते २०१६ मध्ये सुरू केले. ज्या सामाईक नियमावर ते चालते त्याचे नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्या देशात या जाळ्याचे नाव मोठ्या प्रमाणावर ऐकू आले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले, तेव्हा नाराज होऊन हजारो भारतीयांनी मस्टडॉनवर खाती उघडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये एलन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून दुसरी लाट आली आणि त्या वर्षअखेरीस महिन्याला नियमित येणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. पुढे ती घटली. ओळखीचे लोक तेथे भेटले नाहीत, म्हणून बहुतेक मंडळी परतली. बाजार कितीही चांगला भरवा, गिऱ्हाईक नसेल तर दुकानदार पाल उठवून निघून जातो.

मोठी कंपनी दारात

जुलै २०२३ मध्ये मेटाने थ्रेड्स नावाचे नवे माध्यम काढले. पाच दिवसांत दहा कोटी लोकांनी नावे नोंदवली. कंपनीने सांगितले की, थ्रेड्स याच खुल्या जाळ्याला जोडले जाईल. डिसेंबर २०२३ पासून त्याच्या चाचण्या सुरू झाल्या आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपानमधील लोकांसाठी ही सोय खुली केली गेली.

यावर खुल्या जाळ्यातच दोन तट पडले. एका गटाने आधीच करार करून जाहीर केले की, आम्ही मेटाला आमच्या सर्व्हरवर येऊ देणार नाही. त्यांचे म्हणणे असे की, ही कंपनी माणसांची माहिती जमवून जाहिराती विकते. खुल्या जाळ्यात लिहिलेले दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातेच, म्हणजे आमचे लिखाण आपोआप तिच्या हाती पडेल. शिवाय दहा कोटींच्या गर्दीपुढे लहान सर्व्हर टिकणार कसे? दुसरा गट म्हणाला, येऊ द्या. याच दिवसासाठी आपण नियम सर्वांसाठी खुला ठेवला होता. खुद्द रोख्को यांनीही हे आपल्या कार्याचे यश मानले.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून पूर्वी असे घडले तेव्हा काय झाले, ते पाहिले पाहिजे.

गूगलने रूळ बदलले

१९९९ मध्ये जॅबर नावाची निरोप पाठवण्याची खुली पद्धत निघाली. तिचेही अनेक लहान सर्व्हर होते. गूगलने २००५ मध्ये गूगल टॉक याच पद्धतीवर सुरू केले आणि जानेवारी २००६ मध्ये ते इतर जॅबर सर्व्हरना जोडले. लहान सर्व्हरवाल्यांना आनंद झाला. पण हळूहळू त्यांच्या ओळखीचे बहुतेक लोक गूगलकडेच आहेत, असे चित्र झाले. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणले आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी ठेवली नाही. गूगलवाल्यांना फारसा फरक पडला नाही. लहान सर्व्हरवर बसलेल्या माणसाचे मात्र अर्धे मित्र एका फटक्यात तुटले. जॅबर मागे पडण्यास इतर कारणेही होती, हे खरे. तरी धडा स्पष्ट आहे. मोठी कंपनी येते तेव्हा गर्दी घेऊन येते आणि जाते तेव्हाही गर्दी घेऊनच जाते. तेव्हा तिला थांबवणारा पंच तेथे नव्हता.

आपल्या गल्ल्यावरचे उदाहरण

पंच असेल तर काय होते, हे पाहण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. आपल्या गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआरचा कागद पाहा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर फोनपे असतो, आपला कागद दुसऱ्याच कंपनीचा असतो, त्याचे खाते एका बँकेत आणि आपले दुसऱ्या बँकेत. तरी पैसे क्षणात जमा होतात. ही यूपीआयची करामत आहे. मुंबईतील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये हे एका मापाचे रूळ टाकले. त्याआधी मोबाइल पाकिटे होती, पण एका पाकिटातून दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात पैसे जात नसत. तीही छोटी लाइनच होती.

डिसेंबर २०१६ मध्ये यूपीआयवर महिन्याला सुमारे २० लाख व्यवहार होत. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक झाले. ही वाढ नुसत्या बँकांनी आणली नाही. वॉलमार्टच्या मालकीची फोनपे आली, २०१७ मध्ये गूगल आले, २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपला परवानगी मिळाली. मोठ्या कंपन्या आल्या, म्हणून आठवडी बाजारातील भाजीवाली आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला यांच्यापर्यंत ही सोय पोहोचली. हे मान्य केलेच पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. आज फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच सुमारे ८० टक्के व्यवहार आहेत. कोणाही एकाकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. त्याची मुदत आधी २०२२ अखेर, मग २०२४ अखेर आणि नंतर ३१ डिसेंबर २०२६ अशी पुढे ढकलली गेली. म्हणजे पंच आहे, पण बलाढ्य खेळाडूपुढे त्यालाही शिट्टी वाजवायला वेळ लागतो.

तरीही पंच असल्याचा फायदा २०२४ मध्ये दिसला. जानेवारीअखेर रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. लाखो दुकानदारांच्या भिंतीवर पेटीएमचे कागद होते. बंद रुळांवरची पद्धत असती, तर त्या सर्वांचा गल्ला अडला असता. येथे महामंडळाने पेटीएमला इतर बँकांमार्फत चालू राहण्यास मंजुरी दिली, दुकानदारांचे व्यवहार येस बँकेकडे वळवले आणि बहुतेकांचे जुनेच कागद चालत राहिले. एक संस्था अडचणीत आली, पण दुकानदाराचा पत्ता बुडाला नाही.

मग उत्तर काय?

माझे मत असे की, मोठ्या कंपन्यांनी बोलण्याच्या खुल्या जाळ्यातही यावे. त्या बाहेर राहिल्या तर ते जाळे जाणकारांच्या कट्ट्यापुरते राहील आणि आपण आहोत तेथेच अडकून पडू. मात्र तीन अटी असाव्यात.

पहिली अट, रस्ता दुतर्फा असावा. बाहेरच्यांचे लिखाण आत घ्यायचे आणि आपल्या माणसांना बाहेर बोलू द्यायचे नाही, असे चालू नये. आपल्या व्यापारातही हे दिसते. ओएनडीसी या खुल्या व्यापारी जाळ्यात येण्याची घोषणा अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये केली, पण सुरुवात मालवाहतुकीसारख्या सेवांपासून केली. आपली दुकानाची पेठ त्यात आणली नाही. एक पाय आत, एक पाय बाहेर.

दुसरी अट, घर बदलताना माणसे सोबत नेता यावीत. आपल्याला याचा अनुभव आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी सेवा कितीही खराब असली तरी नंबर जाईल, म्हणून व्यापारी गप्प बसत. मस्टडॉनवर सर्व्हर बदलताना आपले अनुयायी नव्या ठिकाणी नेता येतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही जुलै २०२३ मध्ये असेच आश्वासन दिले होते. ते आश्वासन नियम म्हणून लिहिले गेले पाहिजे.

तिसरी अट, पंच हवा. युरोपात मार्च २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने व्हॉट्सअ‍ॅपला लहान निरोप-सेवांसाठी, त्यांनी मागणी केल्यास, दार उघडणे भाग पाडले. आपल्याकडेही त्याच महिन्यात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. अशा मसुद्यांवर मोठमोठ्या कंपन्या आपली मते हिरीरीने मांडतात. व्यापारी संघटना मात्र बहुधा जीएसटीच्या पलीकडे पाहत नाहीत. आपल्या संघटनांनी यातही लक्ष घालावे.

तोपर्यंत आपण काय करावे?

शिंपी, रंगारी, गादीवाले, फर्निचरवाले आणि कापडवाले बांधव आज जे माध्यम वापरतात, ते सोडून द्या असे मी म्हणत नाही. गिऱ्हाईक जेथे आहे तेथे आपण असलेच पाहिजे. फक्त सारी भिस्त एका ठिकाणी ठेवू नका. दुकानाचा मोबाइल नंबर आपल्याच नावावर असू द्या, नोकराच्या किंवा पान तयार करून देणाऱ्या मुलाच्या नावावर नको. जमल्यास दरवर्षी थोडी फी भरून दुकानाच्या नावाचा स्वतःचा इंटरनेट पत्ता घ्या आणि पाटीवर, पिशवीवर तोच छापा. आज तो पत्ता एका कंपनीच्या पानाकडे वळवता येतो, उद्या दुसरीच्या.

आणि गिऱ्हाइकाचे नाव, गाव, नंबर आठवड्यातून एकदा वहीत उतरवून घ्या. आमच्या दुकानात पान बंद पडल्यानंतर अशी वही सुरू झाली. पुतण्या आधी हसला होता. आता शनिवारी संध्याकाळी तोच ती घेऊन बसतो.