सोन्याचा पत्ता शेजाऱ्याला विचारा!

‘केजीएफ’ बघून आलो की वाटतं, खाणीत उतरायचं, टिकाव मारायचा आणि चमचमतं सोनं पोत्यात भरायचं. प्रत्यक्षात साध्या खडकात सोनं असतं टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम. खाण परवडते ती टनाला काही ग्रॅम सापडले तर. एवढंसं सोनं डोळ्यांना दिसणार कसं? म्हणून भूवैज्ञानिक आधी बघतात, शेजारच्या दगडाचं काय झालंय ते!

कोलारचं खाणकाम २००१मध्ये थांबलं. पण कर्नाटकातच, रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे. इथला मूळ खडक म्हणजे अडीच अब्ज वर्षांहून जुना लाव्हा, पुढे दाब आणि उष्णतेने बदललेला. त्याच्या भेगांतून खोलवरचं गरम पाणी वर आलं. त्यात सोनं विरघळलेलं होतं, गंधकाचा हात धरून. खडकातल्या लोहाने तो गंधक ओढून घेतला आणि पायराइट तयार झालं. जोडीदारच गेला, मग सोनं तिथेच बसलं! ज्याला ‘वेड्यांचं सोनं’ म्हणून हसतात, ते पायराइट खऱ्या सोन्याची खूण ठरतं ते असं.

त्याच पाण्याने पोटॅशियमही आणलं. त्यामुळे शिरेजवळचा काळपट-हिरवा खडक तपकिरी अभ्रकाने भरून गेला. प्रयोगशाळेत दोन नमुने घेतात, एक शिरेजवळचा, एक लांबचा. टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम सहसा जागचे हलत नाहीत, म्हणून ते मोजपट्टी. त्यांच्या तुलनेत पोटॅशियम, गंधक, आर्सेनिक वाढलेलं दिसलं, की समजायचं, पाणी इथून गेलंय. आर्सेनिक तर बऱ्याचदा सोन्यापेक्षा लांबवर पसरलेलं असतं. त्याचा माग काढत ड्रिलिंगची जागा ठरते.

पण हाच खबऱ्या पुढे डोकेदुखी होतो. दगड दळून सोनं काढलं, तरी आर्सेनिक बऱ्याच अंशी गाळात उरतं. हवा-पावसाने ते सुटून पाण्यात उतरू शकतं. कोलारमध्ये खाणी बंद झाल्या, दळलेल्या दगडाचे डोंगर मात्र गावाशेजारी उभेच आहेत. म्हणजे नमुन्यांचे आकडे दोनदा वाचायला हवेत. एकदा सोनं कुठे आहे यासाठी आणि एकदा, खाण सुरू होण्याआधीच, गाळ कुठे आणि कसा ठेवायचा यासाठी.

तेव्हा जिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला हातात मळकट तपकिरी दगड आला, तर नाक मुरडू नका. त्याला बरंच काही माहीत असतं!